मुलीला राष्ट्रीय कला संग्रहालय दाखवायचंय. सांगलीहून आखणी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका ताईंची मुलगी नववीत आहे. यंदा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत तिला ए श्रेणी मिळाली, म्हणून बक्षीस म्हणून तिला राष्ट्रीय कला संग्रहालय दाखवायचं घरात ठरलंय. दिल्लीला न्यावं की मुंबईला, किती दिवस लागतील, आधी काय तयारी करावी, असं त्या विचारतात. सोबत सासूबाई आहेत, वय ७२, गुडघे दुखतात. मिस्टरांना चित्रांत फारसा रस नाही, पण ते येणार आहेत.

ताई, आधी लेकीची पाठ थोपटा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे सगळं सांभाळून ए श्रेणी आणणं सोपं नसतं. मी सांगलीतल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, दरवर्षी मुलं या परीक्षांना बसवली, त्यामुळे त्या एका अक्षरामागे किती रविवार गेलेले असतात ते मला माहीत आहे. मुलांच्या तुकड्या घेऊन मुंबईला किती वेळा गेलो त्याचा हिशोब ठेवलेला नाही. दिल्लीला चार वेळा गेलो.

सरळ उत्तर देतो. आत्ता मुंबईला जा. रात्रीच्या गाडीनं जाऊन दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परत, मधला एक पूर्ण दिवस पुरतो. त्याआधी एखाद्या रविवारी औंधचं चित्रसंग्रहालय बघून या. दिल्ली दहावीच्या परीक्षेनंतरच्या मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवा. आणि मुंबईत गेल्यावर सगळं बघायचा हट्ट धरू नका. दहा चित्रं नीट बघायची, एवढंच ठरवून निघा.

हे दहाचं गणित मी चूक करून शिकलो. पहिल्यांदा मुलं घेऊन गेलो तेव्हा एका दिवसात तीन ठिकाणं गाठली. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत चाळीस मुलं माझ्यामागे या दालनातून त्या दालनात पळत होती. ‘चला, चला, पुढचं बघायचंय’ हे वाक्य मी दिवसभरात शंभरदा म्हटलं असेन. परतीच्या गाडीत सगळ्यांना कागद वाटले आणि सांगितलं, आज बघितलेलं एक चित्र आठवून काढा. तीसेक मुलांनी वस्तुसंग्रहालयातले पेंढा भरलेले प्राणी काढले. काहींनी टॅक्सी काढली, काहींनी समुद्र. एखादं खरंखुरं चित्र रचनेसकट आठवलेली मुलं दोनच निघाली. ती दोघं रांगेत मागे राहिली होती म्हणून मी त्यांना रागावलो होतो. ती मागे राहिली होती ती त्या चित्रासमोर थांबल्यामुळे, हे मला गाडीत कळलं.

यात मुलांचा दोष नाही. बॉस्टनच्या कला संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच या थकव्यावर लिहून ठेवलंय. खाली लावलेल्या चिठ्ठ्या वाचायला माणूस कसा वाकतो, उंचावरच्या वस्तूंसाठी मान कशी ताणतो, याचे फोटो काढून त्यांनी दाखवलं की संग्रहालयात आधी शरीर दमतं आणि मग डोळे नुसतेच वस्तूंवरून फिरत राहतात. माझा अनुभवही हाच. पहिला तासभर माणूस खरं बघतो. त्यानंतर चहा, बसणं, गप्पा असा मोठा विसावा मिळाला तर आणखी तासभर. त्यापुढे पाय चालतात, डोळे चालत नाहीत.

आता ‘राष्ट्रीय’ म्हणजे नेमकं कुठलं, ते सांगतो, कारण यात बरीच गल्लत होते. दिल्लीत जनपथावर राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथं सिंधू संस्कृतीपासूनच्या वस्तू, शिल्पं, नाणी, लघुचित्रं आहेत. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही वेगळी संस्था. तिचं मुख्य घर दिल्लीत इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये, १९५४ पासून. मुंबईत तिची शाखा १९९६ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये बंगळुरूला. तुमच्या मुलीला चित्रं बघायची आहेत, तेव्हा तुमच्या कामाचं हे दुसरं. कलावाल्यांच्या बोलण्यात ते ‘एनजीएमए’.

मुंबईचं एनजीएमए म्हणजे फोर्टात रीगल सिनेमाच्या चौकातला जुना सर कावसजी जहांगीर हॉल. १९११ ची इमारत, जॉर्ज विटेट यांनी बांधलेली. एके काळी तिथं सभा आणि गाण्याच्या मैफली व्हायच्या. नंतर आतून पूर्ण बदल करून एकावर एक अशी दालनं केली आहेत. अर्धगोल जिना चढत वर जायचं आणि सगळ्यात शेवटी घुमटाखालच्या दालनात पोचायचं. इमारत फार मोठी नाही, आणि तुमच्यासारख्या एका दिवसाच्या पाहुण्यांसाठी ही मोठी सोय आहे.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिथं मुख्यतः प्रदर्शनं लागतात. अमुक चित्रकाराचं अमुक चित्र कायम भिंतीवर असेलच, असं धरून जाऊ नका. एक प्रदर्शन उतरतं, दुसरं चढतं, मधल्या काळात दालनं बंद असतात. एकदा एका कलादालनाच्या दारात मुलांना घेऊन मी असाच उभा राहिलो होतो. आत खिळे ठोकल्याचा आवाज येत होता आणि चौकीदार हात जोडून सांगत होता की चार दिवसांनी या. तेव्हापासून गाडीचं आरक्षण करण्याआधी मी सध्या काय लागलंय आणि ते कुठल्या तारखेपर्यंत आहे ते बघतो, आणि निघायच्या दोन दिवस आधी फोन करून पुन्हा विचारतो. तुम्हीही तसंच करा. सोमवारी आणि राष्ट्रीय सुट्ट्यांना ते बंद असतं. समोरचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारी उघडं असतं, पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला तेही बंद. घरातल्या सगळ्यांना सुट्टी असते नेमके तेच हे दिवस, त्यामुळे लोक फसतात. दिवाळीच्या सुट्टीतला एखादा मंगळवार किंवा बुधवार सगळ्यात चांगला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो. मुलीला तो आवडेल, पण ती गर्दी सासूबाईंना सोसणार नाही.

औंधला आधी जा असं का म्हणालो? मुंबईत बघायचं कसं, याचा सराव औंधला होतो. औंध आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. विट्याकडून गेलात तर सकाळी निघून संध्याकाळी घरी येता. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये ते उभारलं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे बाळासाहेब म्हणून त्यांचं नाव घरोघरी माहीत असतं, पण ते स्वतः हाडाचे चित्रकार होते आणि आयुष्यभर चित्रं जमवत राहिले. त्या डोंगरावर राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, लघुचित्रं आहेत, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आहेत. आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि मूल’ हे दगडातलं शिल्पही आहे. दुष्काळी खटावात, एसटी जाते अशा गावात हेन्री मूर! पहिल्यांदा ते शिल्प समोर बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही कुणाला औंधला घेऊन गेलो की आधी त्याच्यापाशी नेतो.

तिथं मुलीला एक करायला सांगा. रविवर्म्यांच्या एखाद्या चित्रासमोर पाच-सहा पावलं मागं उभं राहून साडीचा जरीचा काठ बघायचा. सोनं झळाळल्यासारखं दिसतं. मग दोरीपर्यंत पुढे जायचं, हात मागे बांधून, आणि तोच काठ पुन्हा बघायचा. सोनं कुठंच नसतं. मातकट पिवळ्या रंगाचा एक पट्टा, त्याच्या कडेला थोडा तपकिरी, आणि उजेड पडलाय तिथं घट्ट, फिक्या पिवळ्याचे चार-दोन फटकारे. बस. पुन्हा मागे यायचं, की जरीचा काठ पुन्हा चमकू लागतो. ही पुढेमागे करण्याची सवय एकदा लागली की पोर कुठल्याही संग्रहालयात हरवत नाही. छापील पुस्तकात आणि मोबाइलवर हे दिसतच नाही, कारण तिथं अंतर बदलता येत नाही आणि रंगाची जाडी सपाट होऊन जाते. औंधच्या प्रतिकृतींसमोरही थोडं थांबा. मूळ चित्र आणि त्याची नक्कल यांत हाताचा काय फरक पडतो, यावर मुलीशी बोलायला ती जागा फार चांगली आहे.

घरची तयारी फार करू नका. इतिहास पाठ करून गेलेली मुलं भिंतीवर पाठ केलेलं शोधत बसतात. नऊ नावं मात्र तिला सांगून ठेवा. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे तिघे ठाकूर, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. या नऊ चित्रकारांची चित्रं आपल्या सरकारनं राष्ट्राचा कलाठेवा ठरवली आहेत. १९७२ च्या कायद्यामुळे ती विकत घेऊन देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि त्यातल्या एकाची चित्रं विट्यापुढे डोंगरावर आहेत, हे तिला सांगाल तेव्हा तिचा चेहरा बघा.

दुसरी तयारी मापाची. प्रदर्शनातल्या एका-दोन चित्रांची मापं मिळाली तर तेवढ्या आकाराची वर्तमानपत्रं चिकटवून घरच्या भिंतीवर लावा. माप सेंटिमीटरमध्ये असतं, साधारणपणे आधी उंची आणि मग रुंदी. मोबाइलच्या पडद्यावर सगळी चित्रं एकाच आकाराची वाटतात. भिंतीवर कागद लावला की मुलीला कळतं, हे चित्र काढायला माणसाला शिडी लागली असेल आणि ते दुसरं मांडीवर धरून काढलं असेल.

प्रवासाला महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री जेवून सांगली स्टेशनवर बसायचं आणि सकाळी साडेसातच्या सुमाराला सीएसएमटीला उतरायचं. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या दिवसांतली तिकिटं भराभर जातात. वयस्कर बायकांना लोअर बर्थचा कोटा असतो, सासूबाईंचं वय बरोबर भरा. गाडी सुटली की मुलगी थोडा वेळ खिडकीशी बसलेली असेल तर किर्लोस्करवाडी आल्यावर तिला सांगा, हे गाव वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकलेसाठी मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंग ओळखण्यात अडचण निघाली म्हणून रंगकाम सोडावं लागलं, मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, आणि पुढे जे घडलं ते आपल्यासमोर आहे. १९१० मध्ये ही वाडी वसवायला जागा दिली ती औंधच्याच बाळासाहेबांनी. मी दर वेळी मुलांना हे त्या स्टेशनवरच सांगायचो. वर्गात सांगितलेलं विसरतात, गाडीत सांगितलेलं विसरत नाहीत.

सीएसएमटीला प्रतीक्षालयात हातपाय धुऊन, नाश्ता करून घ्या. एनजीएमए साधारण अकराला उघडतं, नेमकी वेळ फोनवर विचारलेली असेलच. म्हणजे हातात दोन-अडीच तास आहेत. ते वाया घालवू नका, संग्रहालय तिथूनच सुरू होतं. स्टेशनची मुख्य इमारत बाहेरून बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी बांधलेली ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. तिच्या दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं, वेली यांतलं बरंचसं काम तेव्हाच्या कलाशाळेतल्या, म्हणजे जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलंय. जे. जे. तिथून चालत काही मिनिटांवर आहे, १८५७ ची संस्था. दारावरून तरी न्या. बारावीनंतर तिला तिकडे जायचं असेल तर ते दार तिनं आधीच बघितलेलं बरं. सासूबाई आणि मिस्टर तोवर चहा घेत बसू शकतात. तिथून एनजीएमएला, म्हणजे काळा घोडा भागात, काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं जा. अंतर दोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण गुडघे राखून ठेवायचेत.

एनजीएमएचं तिकीट भारतीयांना २० रुपये. पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, म्हणून लहान पर्समध्ये पैसे, चष्मा, सासूबाईंच्या गोळ्या घेऊन आत जा. दोन दिवस आधीच्या त्या फोनमध्ये लिफ्टची आणि चाकांच्या खुर्चीची चौकशी केलेली असू द्या. मुलीजवळ एक लहान वही आणि पेन्सिल. पेन, स्केचपेन, रंग नकोत. चित्राजवळ शाई कुणालाच चालत नाही, पेन्सिलीला बहुधा हरकत नसते. तरीही दारावर विचारून घ्यायचं.

आत गेल्यावर आधी न थांबता सगळं एकदा फिरून या. वीस मिनिटांत होतं. ही फेरी बघायची नसून निवडायची. घरातल्या प्रत्येकानं आपापली दोन-तीन चित्रं मनात धरायची, ‘हे का धरलं’ याचं कारण नसलं तरी चालेल. मग घटकाभर बसायचं, आणि मग फक्त धरलेल्या चित्रांकडे परत जायचं. एका चित्राला पाच मिनिटं. पाच मिनिटं उभं राहून बघा एकदा, फार मोठा वेळ वाटतो. पहिल्या मिनिटात विषय कळतो, बाई बसलीय, बैल उभा आहे. दुसऱ्या मिनिटात कंटाळा येतो. हा कंटाळा सहन केला की तिसऱ्या मिनिटाला चित्र बोलायला लागतं. सावली निळी का आहे, बाईचा हात शरीराच्या मानानं मोठा का काढलाय, कोपऱ्यातली ती लाल रेघ झाकली तर सगळं चित्र डावीकडे का कलतं. रेघ झाकायची ती आपला अंगठा डोळ्यासमोर धरून, लांबूनच. माझ्या वर्गातल्या मुलांना ही अंगठ्याची युक्ती सगळ्यात आवडायची.

मुलीला एक ताकीद द्या, चिठ्ठी आधी वाचायची नाही. नाव वाचलं की मोठ्या नावासमोर आपण उगाच मान डोलावतो आणि अनोळखी नावाला ओलांडून जातो. आधी चित्र, मग चिठ्ठी. चिठ्ठी वाचताना मात्र माध्यम नीट वाचायचं. कॅनव्हासवर तैलरंग आहे की कागदावर जलरंग, हे कळलं की थोडं तिरकं उभं राहून पृष्ठभाग बघायचा. तैलरंगात ब्रशच्या केसांच्या रेषा दिसतात, जलरंगात कागदाचा पांढरा तसाच सोडलेला सापडतो. तिनं परीक्षेच्या कागदावर पांढरा राखायची किती धडपड केली असेल. इथं तो कुणी कसा राखलाय ते तिला बरोबर दिसेल.

काही दालनांत उजेड कमी वाटेल. कागद, कापड, लघुचित्रं यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपासच उजेड ठेवतात. तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. उजेडानं रंग उडतो, आणि दर वर्षीचं नुकसान आधीच्या नुकसानात मिळवलं जातं. अंधारात ठेवून ते भरून येत नाही. म्हणून तर फ्लॅश मारू नका म्हणतात. आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की सगळं दिसतं.

मिस्टरांची काळजी करू नका. चित्रांत रस नाही म्हणणाऱ्या माणसाला कुणी कधी निवडायला दिलेलं नसतं. त्यांना म्हणा, ‘यातलं एक घरात लावायचं तर कुठलं लावाल, आणि कुठल्या भिंतीवर?’ माझ्याबरोबर एकदा आमच्या शाळेतले गणिताचे सर आले होते. चित्रातलं काही कळत नाही असं सांगत आले, आणि याच प्रश्नावर एका अमूर्त चित्रासमोर अर्धा तास उभे राहिले. सासूबाईंना बाकाच्या समोर येईल ते चित्र बघू द्या. नऊवारी, नथ, चुलीजवळची भांडी, जात्यावर बसायची पद्धत यांतलं त्यांना जे कळतं ते आपल्याला कळत नाही. २०१८ मध्ये याच इमारतीत धुरंधरांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. महादेव विश्वनाथ धुरंधर, १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले, जे. जे.त शिकले आणि पुढे तिथंच शिकवलं. त्यांनी काढलेल्या बायकांच्या लुगड्यांसमोर एक आजी आपल्या नातीला कुठलं नेसण कुठल्या भागातलं ते सांगत होत्या. मी वही बाजूला ठेवून त्यांचंच ऐकत उभा राहिलो.

साडेबाराला बाहेर पडा. एकनंतर फोर्टातल्या कचेऱ्या सुटतात आणि उडुपी हॉटेलांत जागा मिळत नाही. जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास निवांत बसा. मुलीला या वेळात चित्रांबद्दल काहीही विचारू नका.

दुपारी समोरचं वस्तुसंग्रहालय, पण तिथली फक्त दोन दालनं. हे मुद्दाम बजावतो, कारण ते फार मोठं आहे आणि माझी पहिली चूक तिथंच झाली होती. हीसुद्धा विटेट यांचीच इमारत, लोकांसाठी १९२२ मध्ये उघडलेली. आत शिरण्याआधी बागेतून घुमट बघा. तो आपल्या विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला आहे. सांगलीच्या शाळेतल्या मुलांनी सहलीत गोल घुमट बघितलेला असतोच, त्यामुळे ही ओळख त्यांना लगेच पटते. आत मग लघुचित्रांच्या दालनात जा. एक लहान भिंग खिशात असू द्या. मुघल, राजपूत, पहाडी, दख्खनी अशी चित्रं आहेत. दख्खनी चित्रांसमोर जास्त थांबा, आपल्या मिरजेवर ज्या आदिलशाहीचं राज्य होतं तिच्याच मुलुखातली ही कला. भिंगातून एखादी दाढी किंवा पदराची किनार बघितली की एका केसाच्या ब्रशनं म्हणजे काय ते कळतं. दुसरं दालन शिल्पांचं घ्या. तिथं मुलीनं चित्र न काढता शिल्पाभोवती एक फेरी घालावी आणि मग सगळ्यात चांगली बाजू निवडून पाच मिनिटांत बाह्यरेषा काढावी. प्राण्यांचा विभाग या खेपेला वगळा.

पायांत बळ उरलं असेल तर शेजारचं जहांगीर कलादालन आहे, १९५२ पासूनचं. तिथं आज काम करणारे चित्रकार आपली चित्रं लावून स्वतः बसलेले असतात. मुलीला एकटीला पुढे जाऊ द्या आणि एका चित्रकाराला एकच प्रश्न विचारू द्या: हे चित्र पूर्ण झालं हे तुम्हाला कसं कळलं? बहुतेक चित्रकार पोराटोरांशी फार आपुलकीनं बोलतात.

दिल्लीचं थोडक्यात सांगतो. गोवा एक्सप्रेस सांगलीवरून थेट निजामुद्दीनला जाते, दीड दिवसाचा प्रवास. जयपूर हाऊसला एक दिवस आणि राष्ट्रीय संग्रहालयाला एक, असे दोन वेगळे दिवस ठेवा. जयपूर हाऊसला जायचं ते मुख्यतः अमृता शेरगिलसाठी. १९१३ मध्ये बुडापेस्टला जन्मली आणि १९४१ मध्ये लाहोरला वारली, अवघ्या २८ व्या वर्षी. तिच्या कामाचा सगळ्यात मोठा साठा तिथंच आहे. तिचं १९३५ मधलं ‘तीन मुली’ हे चित्र बघाल तेव्हा लक्षात येईल, तिघी इतक्या जवळ बसल्यात आणि कुणीच कुणाकडे बघत नाही. या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं होतं. राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी बघा. पुस्तकात पानभर दिसणारी ही मूर्ती प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटरची आहे, मुलीच्या पेन्सिलीपेक्षा बुटकी.

परतीची महालक्ष्मी रात्री आठ-सव्वाआठच्या सुमाराला सीएसएमटीहून सुटते. साडेसातला फलाटावर असा. गाडी कल्याणच्या पुढे गेली, डबे उघडून जेवणं झाली, की मुलीला वहीचं एक कोरं पान द्या आणि दिवसभरातलं एक चित्र आठवून काढायला सांगा, परीक्षेत स्मरणचित्र काढते तसंच. फोटो बघायचा नाही. सुरुवात तपशिलानं न करता चार कडांपासून करू द्या: चित्र उभं होतं की आडवं, जड काय होतं आणि ते कुठल्या बाजूला होतं. त्याच वेळी एकेक कागद मिस्टरांना आणि सासूबाईंनाही द्या. सासूबाई नको म्हणतील, तरी पेन्सिल हातात द्या. सकाळी सांगलीला उतरल्यावर तिन्ही कागदांवर मागे तारीख घाला आणि एकाच पाकिटात ठेवा. दिल्लीला निघाल तेव्हा ते पाकीट बरोबर घ्या.